वसमतची फुकट गेलेली फेरी

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं तीन पानं मागितली. मी सहा म्हणालो. पाचांवर मिटलं. आयुष्यभर हेच करत आलो, आता सवय जाणार नाही.

हिंगोलीत कोर्टाच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली माझं टेबल होतं. त्यावर टाइपरायटर, शेजारी एक स्टूल, खणात कार्बन पेपर, कोर्ट फी स्टँप आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड. लोक मला अर्जनवीस म्हणत. ज्याला सरकारशी बोलायचंय पण सरकारच्या भाषेत बोलता येत नाही, त्याच्या वतीनं कागदावर बोलणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. टायपिंग कुणालाही येतं. खरं काम ऐकण्याचं. सात-बारावर नाव लागलं नाही अशी साधी तक्रार असते, पण माणूस सुरुवात करतो आज्याच्या लग्नापासून. अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या तासात कामाचं वाक्य एकच असतं आणि ते तो सहसा उठता उठता बोलतो. ते पकडता आलं की अर्ज झाला.

मी तापट होतो, आहे. "मुद्द्यावर ये" म्हणून ओरडायचो. माझ्यावर रुसून लोक पलीकडच्या टेबलावर जायचे आणि आठवड्यानं परत यायचे, कारण माझा अर्ज त्रुटी काढून परत येत नसे.

माझ्या कुरुंदा गावचेच एक म्हातारबाबा भावाविरुद्ध अर्ज घेऊन आले होते. बांध कोरला, शिवी दिली, बैल सोडला, असं बरंच होतं. मी कडक अर्ज टाइप करून वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "इतका काही वाईट न्हाई तो. शिवीचं काढून टाक." मी काढलं. "बैलाचं बी काढ, बैल माझाच वांड हाय." तेही काढलं. मग म्हणाले, "बांधाचं जरा नरमाईनं लिही." एकेका वाक्यासाठी आमची घासाघीस झाली आणि शेवटी कागदावर तारीख आणि त्यांची सही उरली. ती घडी खिशात घालून ते समाधानानं गेले. माझ्या धंद्यात असं पुष्कळ चालायचं. दोघांना पटेल तिथं आणून सोडायचं, हाच माझा कायदा.

आता माझं दुखणं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टेबल मांडण्याआधी मी एका वकीलसाहेबांकडं कारकून होतो. पाच वर्षं त्यांच्या फायली उचलल्या, पक्षकार सांभाळले. त्याच काळात बाहेरून बी.ए. झालो. नांदेडला एलएल.बी.ला जायचं होतं. फॉर्म भरला, आणि त्यावर त्यांचं शिफारसपत्र लावून पाठवा म्हणून साहेबांच्याच हातात दिला. ते 'पाठवतो' म्हणाले. शेवटची तारीख उलटून गेल्यावर तो फॉर्म मला त्यांच्या टेबलाच्या खणात सापडला, घडीही न मोडलेला. मी त्याच दिवशी काम सोडलं. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या ऑफिसच्या बरोबर समोर, रस्त्याच्या अलीकडं, टेबल मांडलं. हिंगोलीत जागा काय दुसरीकडं नव्हती? पण रोज कोर्टात जाताना त्यांना माझ्यासमोरून जावं लागावं, एवढंच मला पाहिजे होतं. अठरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मधल्या काळात हिंगोलीचा जिल्हा झाला, साहेब नोटरीही झाले. नोटरी म्हणजे प्रतिज्ञापत्रावर गोल शिक्का मारून 'हा माणूस माझ्यासमोर आला आणि यानं हे खरं म्हणून सांगितलं' असा दाखला देणारा वकील. त्यांच्याकडं जाणारा एकही कागद मी टाइप केला नाही.

जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. डिसेंबर होता. जवळा बाजारजवळच्या एका तांड्यावरची सुनिता राठोड नावाची बारावीची मुलगी तिच्या आईला घेऊन टेबलाशी आली. आईला ती याडी म्हणायची. तांड्यावर आईला तसंच म्हणतात. मुलीच्या हातात बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या लॉ कॉलेजचं माहितीपुस्तक होतं. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, सगळ्या देशातून मुलं परीक्षा देणार, आणि जागा तालुक्याच्या शाळेतल्या एका वर्गाएवढ्या.

"फॉर्म टाइप करून द्यायचाय," मुलगी म्हणाली. "आणि परीक्षेची तयारी करायची हाय. इथं त्याचा क्लास न्हाई."

"मग मी काय क्लास दिसलो का?"

"तुमी रोज भांडणंच ऐकता ना. परीक्षेत भांडणंच हायेत."

मी माझा दर सांगितला. ती म्हणाली, तेवढे नाहीत. मग तिनं सौदा टाकला. मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, माझ्याकडं गर्दी असते. ती तेव्हा येऊन लोकांचे हस्तलिखित अर्ज करून देईल. त्या बदल्यात मी फॉर्म टाइप करायचा आणि तिला शिकवायचं. मी म्हणालो, मंगळवार आणि शनिवार. ती म्हणाली, शनिवारी कॉलेज असतं, मंगळवारचंच कसंबसं जमवते. मी म्हणालो, मग जा दुसरीकडं. ती खरंच उठली आणि दहा पावलं गेली. मीच हाक मारली. माझ्या टेबलावर दहा पावलांचा डाव मीच खेळायचो, माझ्यावर तो खेळणारी ही पहिलीच.

तिची आई तेवढ्यात मला म्हणाली, "दादा, एक सांगून ठेवते. हिच्या बापानं काकाच्या पोरीच्या मांडवातच हिचंबी लगीन ठरवलं व्हतं. ही दोन दिस जेवली न्हाई. मग बाप म्हणाला, ह्या साली कालिजात नाव लागलं तर जा, न्हाई लागलं तर गुमान मांडवात बस. मानसं बसून ठरलंय. दुसरी खेप न्हाई."

म्हणजे एकच वर्ष हातात होतं आणि त्यातले चार महिने बारावीचे.

परीक्षेत इंग्रजी, गणित, सामान्य ज्ञान होतं. ते तिचं तिनं पाहिलं. कायद्याचा भाग मात्र मला आवडला. वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली एक प्रसंग, आणि चार उत्तरं. प्रसंगाला तत्त्व लावून उत्तर द्यायचं. जुनी प्रश्नपत्रिका तिनं कुठून तरी मागवली होती. एकदा आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदावर वीस प्रश्न सोडवले.

तत्त्व असं होतं: दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून नेली, तर परत द्यायचा इरादा असला तरी ती चोरी. प्रसंग असा, की शेजारी घरी नसताना एकानं त्याची सायकल नेली आणि संध्याकाळी आणून लावली.

"चोरी न्हाई," मी म्हणालो. "सायकल जागेवर आली ना? समज देऊन सोडा."

"तत्त्वात लिहिलंय की काका, परत द्यायचा इरादा असला तरी."

"अगं, कोणत्या गावात ह्याला चोरी म्हणतात? शेजारधर्म काही हाय का न्हाई?"

"पर्यायात समज देणं न्हाई ना," ती शांतपणे म्हणाली.

तिचे पंधरा बरोबर आले, माझे सात. माझी बहुतेक उत्तरं अर्ध्यावर मिटवणारी होती. मी कागद चुरगाळून फेकला आणि प्रश्न काढणाऱ्याला अक्कल नाही म्हणालो. पण घरी जाताना वाटलं, माझ्या वेळी अशी परीक्षा असती तर वकीलसाहेबांना फॉर्म अडवायची गरजच पडली नसती. हा विचार मला मुळीच आवडला नाही.

तेव्हापासून मी उत्तरं शिकवणं बंद केलं आणि मला येतं तेवढंच शिकवलं. मंगळवारी जो माणूस स्टुलावर बसेल त्याचं सगळं ऐकायचं आणि तो उठायच्या आत सुनितानं एका वाक्यात सांगायचं, की याचं भांडण नेमकं कशाचं. चुकली की मी ओरडायचो. लोकांना गंमत वाटू लागली. बाया तर मुद्दाम तिच्या बाजूला स्टूल ओढून बसायच्या. "ह्या बुढ्यापाशी न्हाई सांगत. तू ऐक गं, वकीलीणबाई." जानेवारी संपेपर्यंत ती माझ्या आधी वाक्य पकडायला लागली. मग बारावीची परीक्षा आली आणि महिनाभर ती दिसली नाही.

मार्चअखेर फॉर्म भरायला बसलो. त्यात एक पान होतं: कायदा का शिकायचा आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड. मी फर्डा मजकूर टाइप केला. मेहरबान प्राचार्यसाहेबांच्या सेवेशी, अर्जदार ही गरीब व मागास तांड्यातील असून तिला कोणाचा आधार नाही, तरी तिच्यावर दया होऊन प्रवेश मिळावा, गरिबावर उपकार होतील. त्याचं इंग्रजी केलं. खाली सवयीनं कोर्ट फी स्टँपही चिकटवला.

तिनं वाचलं. "काका, ह्यात मी कुठं हाय?"

"अर्जदार म्हणजे तूच की."

"ही तर रडून राहिली. मला आधार न्हाई असं काहून लिहिलं? याडी हाय, बाप हाय."

"असंच लिहितात. अठरा वर्षं मी असंच लिहितोय, एक अर्ज परत आलेला न्हाई."

"ते दया मागायला येतात. मी परीक्षा देऊन राहिले."

माझा पारा चढला. तिच्या हातातून कागद ओढून मी फाडला आणि जा, तुझं तू लिही म्हणालो. तिनं खरंच तिथंच, स्टुलाच्या कडेला बसून, वहीच्या पानावर लिहिलं. तिच्या मावशीला नवऱ्यानं सोडलं तेव्हा तांड्याचा नायक आणि पंच दोन दिवस बसले होते. मावशी दोन्ही दिवस घराच्या मागं चुलीपाशी होती, पंचांच्या भाकरी करत. तिला एकदाही कुणी बोलावून विचारलं नाही. निकाल काय लागला तेही तिला भांडी घासताना कळलं. तिला काय सांगायचं होतं हे आपण नंतर तिला विचारलं, असं सुनितानं लिहिलं होतं. मावशीनं काय सांगितलं तेही पुढं होतं. इंग्रजी ओबडधोबड होतं. मी एक शब्द न बदलता टाइप केलं. अर्ज लिहिणाऱ्या माणसाला आपला अर्ज फाडल्यावर बरं वाटावं, असं तेव्हा एकदाच झालं.

मग कागद लावताना अडचण निघाली. दहावीच्या प्रमाणपत्रावर ती सुनिता आणि जातीच्या दाखल्यावर सोनी. घरी ठेवलेलं नाव सोनी. शाळेत घालताना गुरुजींनी आपल्या मनानं सुनिता लावलं. आमच्याकडं तांड्यावरच्या निम्म्या लेकरांचं असं आहे. अशा वेळी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि त्या कॉलेजला ते नोटरीच्या शिक्क्याचंच पाहिजे होतं. स्पीड पोस्टानं वेळेवर पोचायचा तर फॉर्म टाकायला हातात तीनच दिवस होते.

हिंगोलीतले एक नोटरी मुलीच्या लग्नाला लातूरला गेले होते. दुसरे समोर, रस्त्याच्या पलीकडं बसले होते. त्यांची खुर्ची मला टेबलावरून दिसत होती.

"इथं आता कुणी नोटरी न्हाई," मी सुनिताला म्हणालो. "वसमतला एक आहेत. उद्या आईला घेऊन तिकडं जा."

ती बरं म्हणाली. तिनं रस्त्याच्या पलीकडं पाहिलंही नाही. माझ्यावर विश्वास होता तिचा.

दुसऱ्या दिवशी मायलेकी वसमतला गेल्या. तिथले नोटरी औरंगाबादला हायकोर्टात गेलेले होते, संध्याकाळपर्यंत येतील असं कुणीतरी सांगितलं. हळद शिजवायचे दिवस होते, आई कामावरचा खाडा करून आली होती. दोघी पाच वाजेपर्यंत बंद दारासमोर बसल्या आणि शेवटच्या एसटीनं परत गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पोस्टाची खिडकी पाचला बंद होणार होती.

आईच बोलली. "ते न्हवते तिथं. त्यात तुमचा काय दोष, दादा. पण आता काय करायचं ते सांगा. घरी मांडवाची गोष्ट निघून राहिली."

मी उठलो. प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलेलंच होतं. "चला," म्हणालो आणि रस्ता ओलांडला.

वकीलसाहेब थकले होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी कागद वाचला. "समास बघूनच ओळखलं, तुझं टायपिंग." मग मुलीला विचारलं, "दोन नावं काहून गं तुला?"

"एक याडीनं ठेवलं, एक गुरुजीनं."

"आणि तुला कोणतं आवडतं?"

"ज्यानं फॉर्म पास होईल ते."

साहेब हसले. खण उघडून शिक्का शोधायला लागले. मला ते बघवेना.

"पोस्ट पाचला बंद होतं," मी म्हणालो. "हिचा कागद खणात राहून चालणार नाही."

त्यांचा हात थांबला. "अजून तेच धरून बसलास?"

"होय."

"तू गेला असतास तर माझं ऑफिस बसलं असतं. पक्षकार मला कमी आणि तुला जास्त ओळखायचे. मला तुझी गरज होती."

"मग तसं म्हणायचं होतं. थांबलो असतो एक वर्ष. न विचारता कागद दाबून ठेवायचा नव्हता."

त्यांनी शिक्का काढून शाईत दाबला. शिक्का मारला, सही केली, नोंदवही पुढं सरकवली. ओळख पटवणारा म्हणून मी सही केली. मी फी ठेवली, त्यांनी परत सरकवली, मी पुन्हा पुढं केली, त्यांनी पुन्हा मागं केली. दोघंही ऐकेनात.

"काका, पोस्ट," सुनिता म्हणाली.

पैसे तिथंच टाकून आम्ही निघालो. फॉर्म चारच्या आत गेला.

मे महिन्यात हैदराबादला परीक्षा झाली. आई सोबत गेली होती. पहिल्या यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, खूप खाली. घरी पाहुणे येऊन गेले. तांड्यावर टपाल उशिरा जातं म्हणून पत्ता माझ्या टेबलाशेजारच्या स्टेशनरी दुकानाचा दिला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथं लिफाफा आला. दुसऱ्याचा कागद न विचारता उघडायचा नाही, हे मी स्वतःला शिकवलेलं. तसाच घेऊन जवळा बाजारच्या एसटीत बसलो. तिथून तांड्यावर चालत गेलो.

सुनितानं दारातच फोडला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सुनिताच्या खांद्यावरून वाचून सांगितलं, "नाव लागलं."

बाप बाजेवर बसला होता. त्यानं उठून पायात वाहणा घातल्या. "पाहुन्याला सांगून येतो," म्हणाला. "ते लोक वाट बघून राहिले." आणि भर उन्हात निघून गेला. दिलेला शब्द असा पाळणारा पक्षकार मला पुन्हा फारसा भेटला नाही.

आज सुनिता औरंगाबादला हायकोर्टात वकिली करते. बायांचे खटले जास्त घेते. पहिल्या तारखेला बाईला एकटीला बसवून सगळं ऐकून घेते, असं तिचे पक्षकार मला सांगतात. मी टेबल गुंडाळलं, आता तिथं कॉम्प्युटरवाले आहेत. वकीलसाहेबही गेले. त्यांच्यावरचा माझा राग अजून आहे, तो काही मी लपवत नाही. पण त्या दुपारी त्यांनी शिक्का मारला, याबद्दल उपकार मानतो. माझ्यावरच्या उपकारांची यादी केली तर त्या सगळ्या मंगळवारांत स्टुलावर बसलेली माणसं, हिचा बाप आणि हिची आई त्यात येतील. माझ्या हातून एक वकील घडला तो त्यांच्यामुळं.

गेल्या वर्षी तांड्यावर सुनिताचा सत्कार झाला. भाषणात तिनं सांगितलं, की त्या दिवशी हिंगोलीत नोटरी जागेवर नव्हता, वसमतलाही मिळाला नाही, तेव्हा काका माझ्यासाठी अठरा वर्षांचं वैर सोडून वकीलसाहेबांच्या पायऱ्या चढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि खाली बसलो.

सुनिता, हिंगोलीत नोटरी होता. वसमतला जायच्या आदल्या दिवशी तू माझ्यासमोर उभी होतीस तेव्हा तो तुझ्या पाठीमागं, रस्त्याच्या पलीकडं, खुर्चीत बसलेला मला दिसत होता. मी तुला खोटं सांगितलं. आमच्या भांडणात तुझा दिवस गेला, याडीचा कामाचा खाडा झाला आणि तुझं सगळं आयुष्यच पोस्टाच्या पाच वाजताच्या खिडकीवर येऊन थांबलं. तुझा कागद त्या दिवशी मी दाबून ठेवला होता. दुसऱ्यानं माझा दाबला तसाच. हे तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मी भलत्याच मुद्द्यावर भांडतो, म्हणून लिहून दिलं.

अंक तुला पाठवतोय. याडीला वाचून दाखव. 'त्यात तुमचा काय दोष' असं ती म्हणाली होती. आता काय म्हणते ते कळव.